जोडीचा नाल

पारशिवनीच्या पलीकडे पाच मैलांवर एक गाव आहे. एकोणीसशे सत्तर साल उलटल्यानंतरची चार वर्षं मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. माझं घर नागपुरात, गांधीबागेत. वडील एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. आमच्या घरात कोणी शेती केली नव्हती आणि कोणी खेळलंही नव्हतं. तरी त्या गावानं मला कबड्डीच्या संघाचा मॅनेजर केलं. नागपूरच्या स्पर्धेच्या छापील अर्जावर एक रकाना मॅनेजरच्या सहीचा होता. शाळेतली बाकीची कागदपत्रं मीच भरत असल्यामुळे हाही कागद माझ्यापुढे आला, एवढंच.

संघाचा कप्तान तिशीतला शेतकरी होता. धान आणि मिरची करायचा. बोलणं कमी. फार उंच नव्हता, पण मान आखूड, खांदे भरलेले, आणि पाय असे की त्याला मैदानावर धरून ठेवायला चार जण लागत. त्याचा चुलतभाऊ वीस-एकवीस वर्षांचा, मॅट्रिक दोनदा नापास, पायानं चपळ आणि जिभेनं त्याहून चपळ. तो कप्तानाला दादा म्हणे. बाकीचे आठ-नऊ जण शेतावर जाणारे आणि दिवस मावळला की खळ्यावर जमणारे.

त्यांचा खेळ चांगला होता, पण गावचा होता. रेषा पायानं ओढायच्या, बाद कोण ते आरडाओरड करून ठरवायचं. चढाई करताना दम 'हुतुतू' म्हणत धरायचा. शहरात हे चालणार नव्हतं. अर्जाबरोबर नियमांचं एक पातळ पुस्तक आलं होतं. ते मी मारुतीच्या पारावर बसून त्यांना वाचून दाखवू लागलो. रोज दोन पानं. मी वाचायचो, अर्थ सांगायचो आणि मग ते खळ्यात जाऊन तसं खेळून पाहायचे. पंधरा दिवसांत 'हुतुतू'चं 'कबड्डी कबड्डी' झालं. चुन्याच्या रेषा आल्या. चुलतभावानं बनियनांवर डांबरानं आकडे काढले.

मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद पट्टा असतो. पुस्तकात त्याला राखीव क्षेत्र म्हटलं होतं. त्याखाली दीड ओळीचा एक नियम होता : झटापट सुरू झाल्यानंतर राखीव क्षेत्र हे क्रीडाक्षेत्रात समाविष्ट होते. मी ते वाचलं. मला ते नीट कळलं नाही.

"म्हंजे कसं, गुरुजी?" कप्तानानं विचारलं.

 रेल्वेचा राखीव डबा मला माहीत होता. मी म्हटलं, "राखीव म्हणजे राखीव. त्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही. टाकला की बाद."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशीपासून सगळे त्या पट्ट्याला विस्तवासारखे टाळू लागले. नियम खरं तर उलटा होता. गड्याला शिवेपर्यंत तो पट्टा बंद. एकदा शिवलं, अंगाला अंग लागलं, की तो दोघांनाही मोकळा. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मला कळलं नाही, असं सांगता आलं असतं. पण पंधरा दिवस मी त्यांच्यापुढे पुस्तक धरून बसत होतो आणि तोवर एकदाही तसं म्हणायची पाळी आली नव्हती.

जानेवारीत एका रविवारी सामना होता. गावातून धानाची पोती घेऊन एक ट्रक नागपूरकडे जाणार होता. आम्ही पोत्यांवर बसून निघालो. फटफटायला लागलं होतं. थंडी अशी की पोत्यांचा ताग दवानं ओला झालेला. कप्तान केबिनला पाठ लावून, दुपट्टा कानांवरून गुंडाळून बसला होता. चुलतभाऊ आडवा पडून आकाशाकडे बघत 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम धरायचा सराव करत होता. आमडी फाट्याला मोठा रस्ता लागला तेव्हा ट्रकचा वेग वाढला आणि त्याचा आवाज वाऱ्यानं तुटू लागला.

कन्हानच्या पुलाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. ड्रायव्हर कामठीचा, वयस्कर माणूस. तो खाली उतरला, चाकांना लाथा मारून बघितल्या आणि वर बघून म्हणाला, "उतरो भाई, पैर खोल लो. खेलने जा रहे हो या सोने?"

सगळे उतरले आणि रस्त्याच्या कडेला उठाबशा काढू लागले. मागे थांबलेल्या बसमधले लोक खिडक्यांतून पाहत होते. कप्तान एकटाच उतरला नाही. मी त्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही नाही उतरत?"

"अंग गरम आहे माह्यं," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "गुरुजी, त्यायचा पंच जर काही इंग्रजीत बोलला, तं तुमी जवळ राहा."

"राहीन," मी म्हटलं.

मैदान जरीपटक्याच्या बाजूला होतं. कडेला कापडी मांडव, लाउडस्पीकर, दोन बाकांवर पंच आणि मंडळाचे लोक. समोरचा संघ शहरातल्याच एका वस्तीतला होता. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे बनियन होते. आमच्या गड्यांकडे पाहून ते हसले वगैरे नाहीत. त्यांच्या कप्तानानं आमच्या कप्तानाशी हात मिळवला. पंच मराठीच बोलला.

पहिला अर्धा भाग आमचाच होता. चुलतभाऊ दोनदा तीन-तीन गडी शिवून आला. शहरातल्या लोकांनाही त्याचा खेळ आवडला. कोणी तरी मांडवातून शिट्टी मारली. दुसऱ्या भागात ते आमचा खेळ ओळखू लागले. आमचे गडी बाजूला सरकतच नाहीत हे त्यांनी हेरलं असावं. ते आम्हाला कडेला रेटायचे आणि कडेला गेला की आमचा माणूस भिंत असल्यासारखा तिथं थांबायचा. मी बाहेर उभा राहून हे पाहत होतो आणि मला काही तरी चुकत असल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणानं मागे होतो. कप्तान चढाईला गेला. पंचांच्या बाकाजवळून मी त्याचा दम स्पष्ट ऐकत होतो. त्यानं डावीकडच्या दोघांना एका झेपेत शिवलं आणि वळला. मधून तिघं धावून आले. डाव्या बाजूला कोणीच नव्हतं. राखीव पट्टा सरळ मध्यरेषेपर्यंत रिकामा पडला होता. तो त्या पट्ट्याच्या रेषेपर्यंत आला, तिथं पाय घट्ट रोवला आणि उलटा आत वळला. त्या तिघांनी त्याला गुडघ्यांत धरलं. तो त्यांना घेऊन दोन हात सरपटत आला. मध्यरेषा वीतभर राहिली असताना दम तुटला. शिट्टी झाली. सामनाही संपला.

त्याला उठवायला त्यांचा कप्तानच पुढे झाला. हात देत तो म्हणाला, "भाऊ, बाजूनं काहून नाही निघाला? पट्टा तं खुला होता ना."

मी तीन हातांवर उभा होतो. मला त्याचा शब्दन् शब्द ऐकू आला. पंधरा दिवस जे कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं कळलं. कप्तानानं अंगावरची माती झटकली, गुडघ्याकडे पाहिलं आणि मांडवाकडे चालू लागला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं ते ऐकलं की नाही, हे मी ठरवू शकलो नाही. ऐकलं नसावं, असं मी धरून चाललो. ते सोयीचं होतं.

आमचे गडी मांडवामागे बसले. चुलतभाऊ रागानं बनियन पिळत होता.

"दादाचा दमच पुरला नाही," तो म्हणाला. "एवढासा राहिला होता. एवढासा!"

"वय झालं आता दादाचं," दुसरा कोणी तरी म्हणाला.

 कप्तानानं गुडघ्याला दुपट्ट्याचं टोक गुंडाळलं. पट्ट्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

दहा-साडेदहा वाजले होते. ट्रक धान उतरवून चारच्या सुमारास सदरच्या चौकात आम्हाला घेणार होता. कोणी म्हणालं सिनेमाला जाऊ, कोणी म्हणालं बाजार बघू. मी संग्रहालय सुचवलं. ते सदरवरून जवळ होतं आणि लहानपणी वडिलांबरोबर मी तिथं दोनदा गेलो होतो. खरं कारण निराळं होतं. सिनेमाला किंवा बाजारात गेलो असतो तर हे सगळे सामन्याबद्दल बोलत राहिले असते. संग्रहालयात माणसं हळू बोलतात.

आम्ही चालत गेलो. उन्हं चढली होती, थंडी पळाली होती. सदरच्या रस्त्यानं अकरा धुळकट माणसं एका ओळीत चालली होती, शेतात बांधावरून चालावं तशी. कप्तान सगळ्यांत मागे, थोडा लंगडत.

संग्रहालय त्यांना आवडलं. पेंढा भरलेल्या वाघापुढे ते बराच वेळ थांबले. गावातल्या दोघांनी पेंचच्या जंगलात खरा वाघ पाहिला होता. त्यांच्या मते याची मान चुकीची शिवली होती. जुनी नाणी त्यांनी भराभर ओलांडली. तलवारी आणि भाले एकेक करून पाहिले. जुन्या गावांच्या, घरांच्या प्रतिकृतींपुढे चुलतभाऊ म्हणाला, "गुरुजी, याले काय पाहाचं? हे तं आपल्या घरी आहे." पण तोही आता सामन्याचं विसरला होता.

मागच्या व्हरांड्यात दगडाच्या मूर्ती होत्या. पुष्कळशा तुटक्या. कोणाला हात नाही, कोणाला तोंड नाही. त्यांच्या शेवटी भिंतीला टेकवून जमिनीवरच एक गोल दगड ठेवला होता. जात्याच्या तळीएवढा, पण तिच्यापेक्षा जाड. मध्ये आरपार खाच आणि खाचेत दगडातूनच कोरलेली आडवी मूठ. बाजूला पाटी होती.

कप्तान तिथं थांबला. तो चौथीपर्यंत शिकला होता. त्यानं पाटी अक्षर लावत वाचली.

"दगडी वस्तू. उपयोग अ-ज्ञा-त." मग मला म्हणाला, "गुरुजी, अज्ञात म्हंजे?"

सामन्यानंतर मला उद्देशून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"माहीत नाही असं," मी म्हटलं.

"कोणाले माहीत नाही?"

मी पाटीकडे बघितलं. "इथल्या लोकांना."

तो उकिडवा बसला. दुपट्ट्यानं मूठ पुसली. तिच्यावर बोटं फिरवली. हात लागून लागून ती गुळगुळीत झाली होती, बाकीचा दगड तसाच खरबरीत होता. तो म्हणाला, "नाल आहे हा."

बाकीच्यांनीही लगेच ओळखला. असाच एक नाल आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी पडलेला असे. मी अडीच-तीन वर्षं तो रोज पाहत होतो. त्यावर बसून मी पायातली चप्पल झटकत असे. हनुमान जयंतीला गडी ताकद अजमावायला तो उचलतात, एवढंही मला ऐकून माहीत होतं. पण व्हरांड्यातला दगड मला ओळखू आला नव्हता; पाटीवर जे लिहिलं होतं ते मी खरं मानलं होतं.

"दादा, उचलून पाहा ना," चुलतभाऊ हळूच म्हणाला.

कप्तानानं व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथं पहारेकरी आमच्याकडे पाठ करून विडी ओढत होता. मी नको म्हणायला हवं होतं. मी मॅनेजर होतो. पण तो मुठीत हात घालून बसला होता आणि मला त्याला आता काही सांगायचा धीर नव्हता.

त्यानं पाय फाकवले, नाल मांड्यांमध्ये ओढला, झोक्यासारखा एकदा मागे नेला आणि खांद्यावर आणला. तिथं क्षणभर थांबला. मग हात सरळ वर. एका हातावर तो दगड, वर व्हरांड्याचं छत आणि बाजूला बिनहातांच्या मूर्ती. आमच्यापैकी कोणाच्या तरी तोंडातून 'वाहवा' निघालं आणि पहारेकरी वळला.

"ए! ठेव! खाली ठेव तो!" तो ओरडत धावत आला. जवळ आल्यावर त्याच्या लक्षात आलं की खाली फरशी आहे. "टाकू नको! टाकू नको, बापा!"

"आधी ठरवा," चुलतभाऊ म्हणाला.

कप्तान हसला नाही. त्यानं नाल खांद्यावर आणला, मांडीवर आणला आणि आवाज न करता होता तिथं ठेवला. दुखऱ्या गुडघ्यातून रक्ताचा एक ओघळ पोटरीपर्यंत आला होता.

पहारेकऱ्यानं सगळ्यांना आत साहेबांकडे चलायला सांगितलं. साहेब म्हणजे तिथले अधिकारी. पन्नाशीचे, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. मी पुढे झालो, शिक्षक असल्याचं सांगितलं, क्षमा मागितली. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, "उचलला कोणी?"

कप्तान पुढे आला.

"कशाला उचलला?"

"उचलाचाच असते तो," कप्तान म्हणाला. "नाल आहे. आमच्या गावात आहे एक."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पहारेकऱ्याला बाहेर जायला सांगितलं आणि कप्तानाला खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही. उभा राहूनच सांगू लागला. गड्याचं सगळ्यात आधी काय तुटतं, तर मनगट. म्हणून मूठ अशी आडवी, दोन बोटं सैल जातील एवढीच. आधी मांडी, मग खांदा, मग वर. हनुमान जयंतीला आसपासच्या गावांतले गडी येतात. जो सात वेळा उचलतो त्याला नारळ आणि फेटा. लग्न ठरलेल्या पोराला सासरचे लोक मुद्दाम उचलायला लावतात. साहेब लिहून घेत होते. त्या माणसाला मी इतकं सलग बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बोलता बोलता तो म्हणाला, "पण हा शिकाचा आहे, साहेब. याच्यासंगचा मोठा कुठी आहे?"

"मोठा?"

"नाल जोडीनं असते. लहान्यावर हात बसवाचा, मंग मोठा. आमच्या गावचा लहाना मोट चालाची तवा विहिरीत पडला. पण मोठा आहे. इथं लहाना आहे, तं मोठा असनच."

 साहेबांनी उठून कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, पानं उलटत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. पडक्या गढीतून आलेल्या दगडी वस्तू, नग दोन.

"दुसरा कुठे आहे, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी येण्याच्या आधीची नोंद आहे."

त्यांनी माळ्याला बोलावलं. माळी म्हातारा होता. दगडाचं वर्णन ऐकून त्यानं लगेच सांगितलं, मागच्या नळाखाली आहे, बादली ठेवायला. आम्ही सगळे मागे गेलो. नळाखाली चिखलात रुतलेला, शेवाळानं हिरवा झालेला दगड होता. दुप्पट जाडीचा. माळ्यानं आणि चुलतभावानं कुदळीनं त्याच्या कडा मोकळ्या केल्या. खाचेतला चिखल निघाला, तेव्हा मूठ दिसली.

साहेबांनी कप्तानाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

त्यानं हाताला माती लावली. पाय फाकवून बसला. पहिल्या ओढीत नाल जमिनीवरून सुटला आणि मांडीपर्यंत आला. दुसऱ्या ओढीत छातीशी आला. तिथून पुढे गेला नाही. कप्तानाचा चेहरा लाल झाला, जखमी गुडघा थरथरू लागला. तो तसाच काही क्षण उभा होता. मग त्यानं दगड उतरवला, चिखलात नाही, बाजूच्या कोरड्या गवतावर.

"नाही होत," तो म्हणाला. "आज नाही होत."

"दादा, सकाळी खेळलास तू," चुलतभाऊ म्हणाला. कप्तानानं नळ सोडून हात धुतले.

साहेबांनी माझा पत्ता घेतला. आणखी काही विचारायचं झालं तर पत्र टाकीन म्हणाले. निघताना त्यांनी कप्तानाला नमस्कार केला. कप्तानाला तो अपेक्षित नव्हता. त्याचे हात दुपट्ट्यात अडकले होते आणि ते सोडवून नमस्कार करेपर्यंत साहेब वळले होते.

चारला ट्रक आला. आता तो रिकामा होता. आम्ही फळ्यांवर बसलो आणि प्रत्येक खड्ड्याला उडालो. सगळे नालाबद्दलच बोलत होते. तरी कामठीच्या अलीकडे कोणी तरी परत म्हणालं की मोठा नाल काय आणि शेवटची चढाई काय, दादाचा दम आता पुरत नाही. ते वाईट हेतूनं म्हटलेलं नव्हतं. कप्तान केबिनला पाठ लावून बसला होता. मी सरकत त्याच्याजवळ गेलो.

"भाऊ," मी म्हटलं, "तो पट्टा खुला होता. शिवल्यावर तिकडून निघता येतं. पुस्तकात होतं. मला कळलं नव्हतं आणि मी चुकीचं सांगितलं."

तो रस्त्याकडे बघत होता. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "त्यायच्या कप्तानानं सांगतलं तवाच समजलं."

"मग तुम्ही बोलले काहून नाही?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो."

 ट्रकच्या फळ्या खडखडत होत्या. थोड्या वेळानं त्यानंच म्हटलं, "मले सांगून काय फायदा? मले तं माहीत आहे. पोरायले सांगा."

कामठीला चहासाठी ट्रक थांबला. सगळ्यांच्या हातात कप आले, तेव्हा मी उभा राहून सांगितलं. वर्गात सांगावं तसं, सरळ. नियम काय होता, मी काय सांगितलं, शेवटच्या चढाईत दादा पट्ट्याच्या रेषेशी का थांबले.  एकानं कप खाली ठेवला. चुलतभाऊ माझ्याकडे एकटक पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पंधरा दिवस आम्ही त्या पट्ट्याले साप समजून राहिलो." मग तो चहा अर्धा टाकून ट्रककडे गेला.

ड्रायव्हरला सगळं समजलं नव्हतं. त्यानं मला विचारलं, "क्या हुआ मास्टर, हार गए क्या?"

"हो," मी म्हटलं.

चुलतभाऊ त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला की दुसऱ्या बाजूनं जाई. बाकीचे पूर्वीसारखेच वागत, थोडे जपून. कप्तानाच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही आणि मला तेच जड गेलं. त्याच्या गुडघ्याला सूज आली होती, ती मिरच्या तोडून होईपर्यंत उतरली नाही.

फाल्गुनात साहेबांचं पत्र आलं. त्यात नालाबद्दल दहा-बारा प्रश्न होते. मी ते घेऊन कप्तानाकडे गेलो. तो गोठ्यात बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. मला जे कळलं नाही ते मी या वेळी पुन्हा विचारलं, काही दोनदा, काही तीनदा. तो कंटाळला नाही. एक प्रश्न असा होता की हे दगड कोण घडवतं. त्यानं ते आपल्याला माहीत नाही, असं सांगितलं. मी तसंच लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात संघ पुन्हा नागपूरला गेला. नियमांचं पुस्तक चुलतभावानं माझ्याकडून मागून नेलं होतं आणि या वेळी पारावर बसून तोच वाचून दाखवी. कुठं अडला तर तो पारशिवनीला सायकलनं जाऊन तिथल्या हायस्कूलच्या खेळाच्या शिक्षकाला विचारून येई. मॅनेजर म्हणूनही त्याचंच नाव गेलं. मला कोणी ये म्हणालं नाही आणि नको असंही म्हणालं नाही. मी एसटीनं स्वतःचा स्वतः गेलो. कप्तान त्या वर्षी चढाईला कमी गेला, पकडीत मात्र उभा राहिला. ते पहिला सामना जिंकले आणि दुसरा हरले. मी दोन्ही वेळा रेषेबाहेर, त्यांच्या चपला आणि सदरे ठेवले होते तिथं उभा होतो.